गेमिंग लॅपटॉप आणि आपल्याकडची लाइट

या पॉडकास्टला सगळ्यात जास्त मेसेज कशावर येतात सांगू? पेशव्यांवर नाही, किल्ल्यांवर नाही. "दादा, एक लाखाच्या आत कोणता गेमिंग लॅपटॉप घेऊ?" यावर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे हे एकदा बोलून गेलो होतो, तेव्हापासून हे सुरू आहे. हा इतिहासाचा पॉडकास्ट, लॅपटॉपचं दुकान नाही. पण प्रश्न इतक्यांदा आला की म्हटलं, चला, याचाही इतिहास आहेच की. तोच सांगू. आणि तो सॅन फ्रान्सिस्कोहून नाही, बारामती-इंदापूरहून सांगू.

तुमच्या मेसेजमध्ये ग्राफिक्स कार्डाचं नाव असतं, रॅम असते, स्क्रीनचे हर्ट्‌झ असतात. एक आकडा मात्र कुणीच विचारत नाही. वॅट. आणि याचं मला खरंच नवल वाटतं, कारण आपण जिथं वाढलो तिथं लाइट हा रोजचा विषय होता. लाइट कधी येणार, किती तास राहणार, व्होल्टेज किती आहे, डीपी जळाला का, वायरमन कुठं गेलाय. ज्या घरात हे सगळं रोज बोललं जातं, त्या घरातला पोरगा लाखाची वस्तू घेताना ती वीज किती खाते हे विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की गेमिंग लॅपटॉप ही खेळाची वस्तू नंतर, आधी ती विजेची वस्तू आहे. ती कशी, ते बघू.

सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. भाटघरच्या धरणाचं पाणी बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या दुष्काळी रानात आलं. पाणी आलं म्हणून पुढं ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला, त्याचंच वालचंदनगर झालं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, नंतर इंदापूरकडं कर्मयोगी आणि नीरा-भीमा. कालव्यानं जिथं पाणी दिलं नाही तिथं विहिरी खणल्या, आणि विहिरीतलं पाणी वर काढायला मोटार लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, आपल्या आजोबांच्या तोंडचं 'एमएसईबी'. त्यानंतर खेड्यापाड्यांत तारा पोचल्या. पण त्या तारांची ओढ आपल्या लोकांना बल्बपेक्षा मोटारीसाठी जास्त होती. शहरात वीज म्हणजे दिवा. आपल्याकडं वीज म्हणजे पाच एचपीची मोटार. हा फरक डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला सगळीकडं हिरवंगार वाटतं. तसं नाहीये. सुपे, मोरगावकडचा जिरायती पट्टा वेगळाच. तिथं ऊस बघायला मिळत नाही आणि लॅपटॉप उसाच्या बिलावर नाही, हप्त्यावर येतो. हेही लक्षात असू द्या.

आता थेट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं येऊ. राज्यात विजेची मागणी वाढत चालली होती. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प मोठ्या गाजावाजात आला. त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ला सुरू झाला आणि दरावरून, थकबाकीवरून भांडण होऊन २००१मध्ये बंद पडला. त्यानंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रानं जे भोगलं त्याचं नाव लोडशेडिंग. तुमच्यातले जे आज विशीत आहेत त्यांना त्याची शेपटी तेवढी आठवत असेल. माझ्या वयाच्यांना पूर्ण हत्ती आठवतो. दहा-बारा तास लाइट नाही, हे काही बातमीत येण्यासारखं नव्हतं. अभ्यास कंदिलावर, मग चार्जिंगच्या बॅटरीवर. २००५मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाले, पण आपल्या घरात तक्रार 'एमएसईबी'च्याच नावानं होत राहिली. अजूनही होते.

२००६ साली एक गोष्ट झाली, ती मला महत्त्वाची वाटते. पुणे शहरानं लोडशेडिंगमधून बाहेर पडायची वाट काढली. तिथल्या कारखान्यांकडं स्वतःचे मोठे जनरेटर होते. त्यांनी ठरल्या वेळी स्वतःची वीज वापरायची, वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि जनरेटरचा जास्तीचा खर्च ग्राहकांच्या बिलातून थोडा थोडा भरायचा. 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. वाईट काही नाही त्यात, हुशारीचं काम होतं. पण बघा, एकाच जिल्ह्यात शिवाजीनगरला संध्याकाळी लाइट आणि शंभर किलोमीटरवर बारामतीच्या वाडीवस्तीवर अंधार. ज्या पोरांनी पुढं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात बसायचं होतं, त्यांचं कॉम्प्युटरशी नातं इथंच वेगळं झालं. एकाकडं घरी पीसी होता आणि तो चालू राहायचा. दुसऱ्याकडं पीसी असला तरी तो शोकेसमधल्या बाहुलीसारखा, वर कापड टाकलेला.

मग गावांसाठी उपाय आला गावठाण फीडरचा. घरांची लाइन वेगळी आणि शेतीच्या मोटारींची लाइन वेगळी. शेतीला थ्री फेज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून. गावठाणात मात्र सिंगल फेज टिकवायची. हे काम दिसायला साधं, खांब आणि तारांचं. पण आज तुमच्या गावातल्या खोलीत रात्री नऊ वाजता गेम चालतो, त्याच्या मागं हे फीडर वेगळं करण्याचं काम आहे. ज्यांची वस्ती रानात आहे, गावठाणाबाहेर, त्यांना हे वाक्य ऐकून हसू येईल, कारण त्यांची लाइन अजून मोटारींच्याच लाइनवर असते. त्यांनी पुढचा भाग जास्त लक्ष देऊन ऐका.

याच काळात कॉम्प्युटर इकडं कसा आला? पुण्यातली गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर मिळाला नाही. मग १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याची कल्पना साधी होती: एक राक्षस मिळत नाही ना, मग साध्या पुष्कळ प्रोसेसरांना एकत्र जुंपू. सहा बैलांचा नांगर असतो तसं. त्याचा कमाल वेग साधारण एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी.

आजच्या मधल्या फळीतल्या गेमिंग लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कार्ड दहा टेराफ्लॉपच्या वर जातं. म्हणजे परमच्या दहा हजार पट? थांबा, इथं इंजिनिअर म्हणून थोडी खोट काढावी लागेल. परमसारखी यंत्रं ६४ बिटांच्या अचूक आकडेमोडीसाठी होती; गेमचं कार्ड ३२ बिटांवर पळतं, आणि ६४ बिटांचं काम दिलं की त्याचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. तरीही दीडशे पट उरतात. सॅकमध्ये.

पण परम काही बारामतीला आला नाही. आपल्याकडं कॉम्प्युटर आला तो एमएस-सीआयटीच्या रूपानं. २००१मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि बघता बघता तालुक्याच्या प्रत्येक चौकात, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक क्लास निघाला. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून अख्खं गाव पेंट ब्रशमध्ये झोपडी आणि नारळाचं झाड काढायला शिकलं. बारामतीत विद्या प्रतिष्ठान होतं, १९७२पासूनचं. २०००च्या सुमाराला त्यांचं इंजिनिअरिंग कॉलेजही सुरू झालं, त्यामुळं बारामतीच्या पोराला लॅब तरी दिसली. इंदापूरच्या पोराला सायबर कॅफे दिसला.

कॅफेत काय चालायचं? रोड रॅश, आयजीआय, व्हाइस सिटी, काउंटर स्ट्राइक. ग्राफिक्स कार्ड नावाची वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. गेम अडकत अडकतच चालतो, असाच आमचा समज होता. आणि लाइट गेली की यूपीएस टी टी टी करायला लागायचा. त्या दोन-चार मिनिटांत मिशन पूर्ण करायचं. आजही मला गेममध्ये शेवटचे काही सेकंद उरले की डोक्यात तो टी टी आवाज येतो. एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही: त्या कॅफेत मुली जवळपास नसायच्याच. 'गेम पोरांचा' हे जे आपण म्हणतो, त्याला निसर्ग नाही, त्या अंधाऱ्या केबिन कारण आहेत. लॅपटॉप घरात आल्यावर आणि मोबाइलवर पबजी आल्यावर ते चित्र बदललं.

पबजीचं दोन मिनिटांत सांगतो. २०१६ला जिओ, २०१८ला पबजी मोबाइल, २०२०च्या सप्टेंबरमध्ये बंदी, २०२१ला बीजीएमआय. गावागावांत पारावर चार डोकी एकत्र. यातून झालं असं की एका पिढीला पहिल्यांदा कळलं, फ्रेम रेट म्हणजे काय आणि मोबाइल तापला की गेम का अडकतो. मोबाइल तापला की आपण तो फ्रीजमध्ये ठेवायचो. हसू नका, तुम्हीही ठेवलाय. तापण्याचा आणि वेगाचा संबंध आपल्याला हातानं कळलेला आहे. फक्त दुकानात गेल्यावर तो विसरतो.

आता ग्राफिक्स कार्डाकडं येऊ. एनव्हिडिया कंपनी १९९३ची. १९९९मध्ये त्यांनी जीफोर्स २५६ काढलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून विकलं. गेममधली भिंत, सावली, पाणी रंगवायला एकच छोटं गणित लाखो पिक्सेलवर एकाच वेळी करावं लागतं. म्हणजे परमचीच युक्ती, पुष्कळ बैल एका जुवाला, पण एका चिपवर. २००७ला त्यांनी कुडा आणलं, म्हणजे याच कार्डावर गेम सोडून दुसरं गणितही करता येईल अशी सोय. आणि २०१२मध्ये टोरोंटोच्या अॅलेक्स क्रिझेव्हस्कीनं आईवडिलांच्या घरी, स्वतःच्या खोलीत, दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर चित्रं ओळखणारं न्यूरल नेटवर्क शिकवलं. ती गेमची कार्डं होती, तुमच्याआमच्यासारख्यांनी गेमसाठी घेतात तीच. आजच्या एआयची लाट तिथून उसळली. त्या प्रत्येक कार्डाला २४४ वॅट लागायचे. दोन मिळून जवळपास पाचशे. आपल्याकडच्या साध्या इन्व्हर्टरनं हात जोडले असते.

म्हणून घरात 'अभ्यासाला पाहिजे का गेमला?' असा जो वाद होतो ना, तो इतिहासात बसत नाही. पोरांनी गेमसाठी पैसे मोजले, त्या पैशातून चिप सुधारली, आणि तीच चिप पुढं अभ्यासाची वस्तू झाली. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसावर एआयचा प्रयोग केला: रानात सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं, आणि त्यावरून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं याचा सल्ला. ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्टची त्याला साथ होती, आणि २०२५च्या सुरुवातीला सत्या नाडेलांनी त्याबद्दल जगाला सांगितलं. तिथली आकडेमोड क्लाउडवर होते, शेतकऱ्याच्या लॅपटॉपवर नाही, हे खरं. पण असं मॉडेल बनवायला शिकणारा पोरगा जिथून सुरुवात करतो, ते बऱ्याचदा ४ किंवा ८ जीबी मेमरीचं गेमचंच कार्ड असतं.

हे कार्ड लॅपटॉपमध्ये बसवायची धडपड २०००च्या दशकाच्या सुरुवातीची. एलियनवेअरनं जाडजूड लॅपटॉप काढले, २००६ला असूसनं आरओजी सुरू केलं. तेव्हाचे ते लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवायची इस्त्री. डेस्कटॉपच्या कार्डापेक्षा लॅपटॉपचं कार्ड बरंच कमजोर असायचं, आणि नावाच्या शेवटी 'एम' लिहून कंपनी ते कबूल करायची. २०१६मध्ये जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० आले आणि तो 'एम' गेला, कारण फरक खरोखर कमी झाला होता. इथवर सगळं सरळ होतं.

२०१७मध्ये मॅक्स-क्यू आलं. कल्पना अशी: लॅपटॉप पातळ हवा ना, मग कार्डाला वीजच कमी द्या. डेस्कटॉपचं १०८० कार्ड १८० वॅट खायचं, मॅक्स-क्यूचं ९० ते ११०. पण नाव तेच, १०८०. निदान मॅक्स-क्यू ही शेपटी तरी होती. २०२१ला आरटीएक्स ३० मालिका आली तेव्हा ती शेपटीही गेली. लॅपटॉपचं ३०६० साठ वॅटचंही असू शकतं आणि एकशे पंधरा वॅटचंही, स्टिकर एकच. पूर्ण वॅटचं ३०६० कमी वॅटच्या ३०७०च्या बरोबरीनं पळायचं, कधीकधी पुढंही जायचं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर कंपन्यांनी हा आकडा वेबसाइटवर द्यायला सुरुवात केली. त्याला टीजीपी म्हणतात. पुढच्या ४०६०ला तर तो ३५पासून ११५पर्यंत कुठंही असू शकतो. तिप्पट फरक!

आता तुमच्या वडिलांकडं बघा. लॅपटॉप घ्यायला दुकानात गेल्यावर ते कोपऱ्यात खुर्चीवर बसतात आणि म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं, तुझं तू बघ." पण हेच आप्पा मोटार घ्यायला जातात तेव्हा नुसतं कंपनीचं नाव विचारून परत येतात का? एचपी किती, हेड किती, स्टेज किती, सिंगल फेज का थ्री फेज, व्होल्टेज कमी असलं तर उचलेल का, वाइंडिंग तांब्याचं का. पाटी वाचल्याशिवाय पैसे देत नाहीत. गेमिंग लॅपटॉपला नेमका हाच माणूस लागतो. एचपीच्या जागी वॅट. हेडच्या जागी थंड ठेवण्याची ताकद. मला विचाराल तर आप्पांना खुर्चीवरून उठवा आणि काउंटरला घेऊन जा. नाहीतरी पैसे त्यांचेच आहेत.

आणि ते पैसे कुठून येतात तेही बोलू. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे असतात. कागदावर. पहिला हप्ता आला की सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, आणि त्यातून उरलं तर कॉलेजला गेलेल्या पोराचा लॅपटॉप. अठरा महिने रानात उभ्या असलेल्या आडसाली उसातून तो आलेला असतो. आपल्या भागातले कारखाने बगॅसवर वीज तयार करून ग्रिडलाही देतात, म्हणजे लॅपटॉपला पैसेही ऊस देतो आणि थोडी वीजही ऊसच देतो. एवढ्यावर थांबत नाही, गाळप हंगामात त्याच्या फॅनमध्ये काजळीही ऊसच घालतो. कारखान्याजवळ राहणाऱ्यांना ही काजळी सांगायला नको. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते तीच, आणि त्यात पाचट जाळल्याचा धूर. हंगाम संपला की साधारण एप्रिलमध्ये लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. नेमका तेव्हाच उन्हाळा चढत असतो. इंदापूरला पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस डिग्री सहज असतात. युट्यूबवाला जो टेस्ट करतो तो एसीत, पंचवीस डिग्रीत. तुमची सुरुवातच पंधरा डिग्री वरून होते. प्रोसेसर पंचाण्णव-शंभर डिग्रीला पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. म्हणून आपल्याकडं पातळ आणि देखणा लॅपटॉप म्हणजे रानात चालवायला घेतलेली स्पोर्ट्‌स बाइक. जाड घ्या, मागं आणि बाजूला मोठ्या जाळ्या असलेला घ्या. सॅक जड होईल, चार्जर तर विटेसारखा असेल. होऊ दे. खाली दोन वह्या सरकवून मागची बाजू उचलली तरी फरक पडतो. गादीवर मात्र ठेवू नका.

बिलाची भीती घालणारे घरात असतीलच, त्यांच्यासाठी हिशोब. गेम चालू असताना लॅपटॉप साधारण २०० वॅट घेतो असं धरा. पाच तास खेळलात तर एक युनिट. पाच एचपीची मोटार तासाला ३.७ युनिट खाते. म्हणजे मोटार एक तास चालली, तेवढ्या विजेत तुमचा गेम अठरा तास चालेल. बिल हा प्रश्न नाहीच. प्रश्न आहे लाइट गेल्यावर काय होतं हा.

तुम्हाला वाटेल, लॅपटॉपला बॅटरी आहे की. आहे, पण विमानात १०० वॅट-तासांच्या वरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही म्हणून सगळ्या कंपन्या त्याच्या आतच थांबतात. २०० वॅट खाणाऱ्या यंत्राला ९० वॅट-तासांची बॅटरी म्हणजे अर्धा तास. प्रत्यक्षात लाइट जाताच लॅपटॉप स्वतःच कार्डाची वीज तोडतो, वेग निम्म्यावर येतो, आणि तुम्ही कसाबसा तासभर ढकलता. लाखाचं यंत्र लाइट गेली की चाळीस हजारांचं होतं. सायबर कॅफेच्या यूपीएसची आठवण येते की नाही?

इन्व्हर्टर असेल तर? १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाताला लागतात हजार-बाराशे. त्यावर लॅपटॉप, एक फॅन, दोन दिवे आणि राउटर धरला तर नवी बॅटरी साडेतीन-चार तास काढेल. तीन वर्षं जुनी असेल तर घरच्यांचा फॅन तुमच्या गेममुळं बंद पडेल आणि त्या रात्री जे बोलणं होईल त्याला मी जबाबदार नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे ना एवढं बघा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर हे मोठे चार्जर घुमतात आणि तापतात. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळं संध्याकाळी व्होल्टेज पडलं तरी तो सांभाळतो. त्याला मारतं ते लाइट येताना येणारं जास्तीचं व्होल्टेज. वस्तीवर, मोटारींच्या लाइनवर राहणाऱ्यांनी लाइट गेली की पिन काढावी आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावावी. चांगला स्पाइक गार्ड घ्यावा. आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर लॅपटॉप खराब नाही, घराला अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा. लॅपटॉप बाजूला ठेवला तरी ते काम करायचंच आहे.

आता ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी माझं मत, पटलं तर घ्या. फक्त कोडिंग शिकायचं असेल, वेबसाइट, जावा, पायथन, तर गेमिंग लॅपटॉप घेऊच नका. निम्म्या पैशात हलका लॅपटॉप येतो, बॅटरी दिवसभर जाते, आणि एआय शिकायला गुगल कोलॅब, कॅगल यांवर कार्ड मोफत वापरायला मिळतं. घरी रेंज नसेल तर मात्र हे मोफत कार्ड कामाचं नाही, तेही खरं. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांना थ्रीडी डिझाइनला कार्ड लागतंच. वालचंदनगरच्या कारखान्यात साखरेची यंत्रसामग्री बनायची, पुढं इस्रोच्या रॉकेटची कवचंही बनली. असलं काम आज कागदावर नाही, थ्रीडी मॉडेलवर सुरू होतं. गेम आणि एआय दोन्ही करायचं असेल तर कार्डाची मेमरी बघा. ३०५०ला सुरुवातीला ४ जीबी होती, ४०५०ला ६, ४०६०ला ८. रॅम नंतर वाढवता येते, एसएसडी नंतर टाकता येतो. कार्ड, त्याची मेमरी आणि त्याचे वॅट जन्माला येताना जे आले तेच शेवटपर्यंत. म्हणून १६ऐवजी ८ जीबी रॅम चालेल, पण कार्डात तडजोड नको. आणि उसाचं बिल यायच्या आधी बिनव्याजी हप्त्यावर घेऊ नका, विशेषतः जिरायती भागातल्या मित्रांनी. हप्ता पावसाची वाट बघत नाही.

दुकानात गेल्यावर एवढंच करा. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. एकाच नावाच्या लॅपटॉपचे पाच-सहा प्रकार असतात, शेवटची दोन अक्षरं बदलली की वॅट बदलतात. कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाका आणि टीजीपीची ओळ शोधा. ४०६०ला शंभरच्या वर असेल तर बोलणी पुढं न्या. तिथं आकडाच दिला नसेल तर चार्जर बघा, त्यावर वॅट छापलेले असतात. पूर्ण ताकदीच्या ४०६०बरोबर साधारण २०० वॅटच्या पुढचा चार्जर येतो. दीडशेच्या आतला असेल तर कार्डाला वीज द्यायला तो आणणार कुठून? ही पाटी आप्पांना वाचायला द्या.

पुढच्या भागात नीरा डावा कालवा सविस्तर घेणार आहे, भाटघरपासून. तुमच्या आजोबांकडं पाटकऱ्यांच्या, पाळीच्या भांडणांच्या गोष्टी असतील तर आवाजी मेसेज करून पाठवा. लाइट असताना पाठवा, म्हणजे पूर्ण जाईल.